गर्भारपणाचे मधले महिने

"पाचवा महिना लागला, उलट्या थांबल्या, जेवण जाऊ लागले, चेहऱ्यावर तजेला आला, पण बाळ हलल्याचे अजून कळत नाही, तेव्हा सगळे ठीक आहे ना?" हा प्रश्न पहिलटकरीण आधी आपल्या आईला विचारते, मग थोरल्या जावेला, आणि धीर झाला तर डॉक्टरांना. त्याच्या जोडीने दुसरा एक प्रश्न तिच्या मनात असतो, तो मात्र सहसा ओठांवर येत नाही: "सारेजण म्हणतात, हे सुखाचे दिवस, मग मला मधूनच रडू का येते?"

या दोन्ही प्रश्नांचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. पहिल्या तीन महिन्यांत उलट्या-मळमळीमुळे घरच्यांचे लक्ष गर्भिणीकडे असते आणि अखेरच्या तीन महिन्यांत बाळंतपण जवळ आल्यामुळे ते पुन्हा तिच्याकडे वळते. मधल्या काळात तक्रारी कमी म्हणून काळजीही कमी, अशी आपल्या घरांची वहिवाट आहे. वस्तुतः रक्त, हृदय, गर्भाशय आणि मन यांतील अत्यंत मोठी स्थित्यंतरे याच महिन्यांत घडतात, आणि पुढे उद्भवणारे कित्येक धोके वेळीच ओळखून त्यांचा बंदोबस्त करण्याची संधीही याच महिन्यांत असते.

१. महिने मोजण्याची रीत

गर्भारपणाची गणना गर्भधारणेच्या दिवसापासून होत नाही, कारण तो दिवस बहुधा कोणालाच निश्चित ठाऊक नसतो. ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते. या हिशेबाने पूर्ण मुदत ४० आठवड्यांची, म्हणजे २८० दिवसांची धरतात. प्रसूतीची अपेक्षित तारीख काढावयाची तर पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवावेत आणि तीन महिने मागे यावे. समजा, पाळी १ जानेवारीस आली होती. सात दिवस मिळवून ८ जानेवारी आणि तीन महिने मागे म्हणजे ८ ऑक्टोबर, ही अपेक्षित तारीख झाली.

चौदा आठवडे पुरे झाल्यापासून अठ्ठावीस आठवडे पुरे होईपर्यंतच्या काळास आपण मधले महिने म्हणू. वरील उदाहरणातील स्त्रीचे हे महिने साधारणतः ९ एप्रिलला सुरू होऊन १६ जुलैला संपतील, आणि गर्भारपणाच्या बरोबर मध्यावरचे वीस आठवडे २१ मेच्या सुमारास पुरे होतील. ज्यांची पाळी अनियमित असते त्यांच्या बाबतीत हा हिशेब चुकू शकतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीवरून ठरलेली तारीख अधिक भरवशाची मानावी. ही तारीख घरातील सर्वांना माहीत असावी, कारण पुढील प्रत्येक तपासणी तिच्यावरच अवलंबून असते.

२. मळमळ का ओसरते

गर्भ रुजल्यावर आरंभीच्या आठवड्यांत एक विशिष्ट संप्रेरक, म्हणजे रक्तातून फिरून शरीरातील इंद्रियांना आज्ञा पोहोचविणारे द्रव्य, झपाट्याने वाढत जाते. लघवीच्या तपासणीत गरोदरपण सिद्ध होते ते याच द्रव्यामुळे, आणि मळमळीचा संबंधही बऱ्याच अंशी त्याच्याशी जोडला जातो. आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास त्याचे प्रमाण शिखर गाठते व नंतर उतरू लागते. तोपर्यंत वार तयार होऊन गर्भाच्या पोषणाचा आणि आवश्यक संप्रेरकांचा सारा कारभार तिने हाती घेतलेला असतो. म्हणूनच चौदाव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत बहुतेक स्त्रियांना अन्नाचा वास पुन्हा सुसह्य वाटू लागतो. काहींच्या उलट्या त्याहून अधिक काळ चालतात. पाणीही पोटात ठरत नसेल किंवा वजन घटत असेल, तर मात्र "हे होणारच" म्हणून गप्प न बसता उपचार घ्यावेत.

वारेतून पाझरणारे संप्रेरक गर्भाशयाला शांत ठेवण्यासाठी स्नायू सैल करतात. पण ही सैलपणाची आज्ञा केवळ गर्भाशयापुरती राहत नाही. जठराच्या वरच्या तोंडाचा स्नायू सैल पडला की छातीत जळजळ होते, आतड्यांची गती मंदावली की बद्धकोष्ठ होतो, रक्तवाहिन्या सैल पडल्या की रक्तदाब किंचित उतरतो आणि एकदम उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. हे सारे त्रास वेगवेगळे भासले तरी त्यांचे मूळ पुष्कळसे एकच आहे. थोडे थोडे पण अधिक वेळा खाणे, जेवल्याबरोबर आडवे न होणे, पाणी व चोथायुक्त भाज्या भरपूर घेणे, आणि अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळून, क्षणभर बसून मग उभे राहणे, एवढ्या साध्या उपायांनी त्यांतील बराच भाग आटोक्यात येतो.

३. पोट केव्हा दिसू लागते

एरवी साठ-सत्तर ग्रॅम वजनाचे गर्भाशय पूर्ण दिवसांच्या सुमारास जवळजवळ एक किलोचे होते. बाराव्या आठवड्यापर्यंत ते ओटीपोटातील हाडांच्या कमानीआड असते. सोळाव्या आठवड्यास त्याचा माथा त्या कमानीच्या आणि बेंबीच्या अर्ध्या वाटेवर येतो, आणि विसाव्या आठवड्यास बेंबीपाशी पोहोचतो. विसाव्या आठवड्यानंतर ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंतचे अंतर सेंटीमीटरमध्ये मोजले, तर तो आकडा साधारणपणे आठवड्यांच्या आकड्याएवढा असतो. चोवीस आठवड्यांच्या गर्भिणीचे माप चोवीस, त्यात दोनांचा फरक इकडेतिकडे चालतो. परिचारिका साध्या टेपने हे मोजते, ते गर्भाची वाढ योग्य आहे की नाही याचा अंदाज घेण्यासाठी. उंच किंवा सशक्त बांध्याच्या स्त्रीचे पोट उशिरा दिसते, दुसरेपणीचे लवकर दिसते. म्हणून शेजारणीच्या पोटाशी आपल्या पोटाची तुलना करून कष्टी होण्याचे कारण नाही.

गर्भाशय वर चढू लागले की त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे बंध ताणले जातात. कूस बदलताना, शिंकताना किंवा झटकन उठताना जांघेपाशी क्षणभर चमक मारते ती त्यामुळे. कमरेचा बाक वाढतो, पाठ दुखते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. विसाव्या आठवड्यानंतर उताणे निजल्यास जड गर्भाशयाचा दाब शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो आणि घाबरल्यासारखे होते. यासाठी डाव्या कुशीवर निजण्याचा सल्ला देतात. मधूनच पोट काही क्षण कडक होऊन पुन्हा सैल पडते, त्या अनियमित, न दुखणाऱ्या आकुंचनांचे वर्णन जॉन ब्रॅक्सटन हिक्स या इंग्रज वैद्याने १८७२ मध्ये केले. ती प्रसूतीची कळ नव्हे.

त्वचेवरही खुणा उमटतात. बेंबीखालून काळसर रेघ उतरते, स्तनाग्रांभोवतीचा रंग गडद होतो, गालांवर वांग दिसू लागतात, पोटावर ताणाचे वळ उठतात. यांतील काळेपणा प्रसूतीनंतर बहुधा फिका पडतो. या खुणांवरून मुलगा की मुलगी हे सांगण्याची प्रथा सर्वस्वी निराधार आहे.

४. रक्त वाढते, तरी पातळ का होते

गर्भाला प्राणवायू आणि अन्न पोहोचवावयाचे तर आईचे रक्त वाढले पाहिजे, आणि ते वाढतेही. गर्भारपणात रक्ताचे एकूण आकारमान चाळीस ते पन्नास टक्क्यांनी अधिक होते. परंतु रक्तातील द्रवभाग जितका वाढतो तितक्या तांबड्या पेशी वाढत नाहीत. घरी अवचित पाहुणे आले म्हणजे गृहिणी आमटीत पाणी घालते. डाळही थोडी घालते, पण पाण्याच्या मानाने कमी, त्यामुळे आमटी सर्वांना पुरते खरी, पण पातळ होते. मधल्या महिन्यांत रक्ताचे असेच होते.

हाच हिशेब आकड्यांत मांडू. एका स्त्रीच्या शरीरात चार लिटर रक्त आणि दर शंभर मिलिलिटरमागे १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, म्हणजे एकूण हिमोग्लोबिन ५०० ग्रॅम. रक्त चाळीस टक्क्यांनी वाढून ५.६ लिटर झाले आणि हिमोग्लोबिन एक चतुर्थांशाने वाढून ६२५ ग्रॅम झाले, तर दर शंभर मिलिलिटरमागे ११.२ ग्रॅमच पडतील. हिमोग्लोबिन प्रत्यक्ष वाढले असताही तपासणीचा आकडा उतरला! इतकी घट स्वाभाविक आहे. परंतु जिच्याजवळ मुळातच लोहाची शिल्लक नाही, तिच्या बाबतीत हा आकडा दहाच्या, कधी आठच्याही खाली घसरतो, आणि ती घट स्वाभाविक नव्हे, तो रक्तक्षय होय. आपल्या देशात ही अपवादाची गोष्ट नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक, ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या.

म्हणूनच चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली एक गोळी किमान १८० दिवस घ्यावी, आणि प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस, अशी शासकीय योजना आहे; आशाताईंकडे आणि उपकेंद्रात त्या गोळ्या विनामूल्य मिळतात. चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, गोळी दोन वेळा जेवणाबरोबर घ्यावी आणि लोहाची जेवणानंतर दोन तासांनी. दोन्ही एकदम घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. चहा आणि दूध हेही लोहाच्या आड येतात, तर लिंबू आणि आवळा त्याला साह्य करतात. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्यात भिण्यासारखे काही नाही.

माती, भाजलेली माती, खडू, राख किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे याला घरोघरी डोहाळे म्हणून हसण्यावारी नेतात. ही ओढ पुष्कळदा लोहाच्या कमतरतेच्या जोडीने आढळते, आणि मातीतून जंतही पोटात जातात. असे डोहाळे लागले तर हिमोग्लोबिन तपासावे, हा त्यावरचा खरा इलाज.

आहाराविषयी आपल्याकडे दोन विरुद्ध समज नांदतात: एक, दोन जिवांचे म्हणून दुप्पट खावे, दुसरा, मूल फार वाढले तर बाळंतपण अवघड जाते म्हणून बेताचेच खावे. दोन्ही चूक. गर्भिणीला रोज सुमारे ३५० कॅलरी अधिक लागतात आणि एक भाकरी, एक वाटी उसळ व एक पेला दूध एवढ्यात ती गरज साधारणतः भागते. दुसरा समज तर अधिक घातक आहे, कारण कमी खाल्ल्याने बाळंतपण सुलभ होत नाही, मूल मात्र कमी वजनाचे निपजते.

५. पहिली हालचाल

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. गर्भ सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच हलत असतो. परंतु तो इतका चिमुकला असतो, की त्याची हालचाल आईला जाणवत नाही. पहिलटकरणीस ती बहुधा अठराव्या ते विसाव्या आठवड्यात कळते. दुसरेपणी ती ओळखीची झालेली असल्याने दोनेक आठवडे आधी. आरंभी पोटात बुडबुडा फुटल्यासारखे किंवा काही वळवळल्यासारखे होते आणि वाताचा भास होतो. वार गर्भाशयाच्या पुढल्या भिंतीवर असेल तर हालचाल उशिरा कळते. तेव्हा पाचव्या महिन्याच्या आरंभी ती जाणवली नाही तर चिंता नको. चोवीस आठवडे पुरे होऊनही जाणवली नाही, तर मात्र डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

विसाव्या आठवड्यास बाळ सुमारे पंचवीस सेंटीमीटर लांब आणि तीनशे ग्रॅम वजनाचे असते. अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत ते किलोभर होते. ती मुलगी असेल, तर तिच्या बीजकोशांत विसाव्या आठवड्याच्या सुमारास साठ-सत्तर लाख बीजे असतात. ही तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठी संख्या होय. पुढे ती कमीच होत जाते. याचा अर्थ असा, की आज जी स्त्री गरोदर आहे, तिच्या पोटात कदाचित तिच्या नातवंडांचेही मूळ आहे.

सहाव्या महिन्यापासून बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. अँथनी डीकॅस्पर व विल्यम फायफर या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९८० मध्ये दाखवून दिले, की नवजात अर्भके परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज अधिक पसंत करतात. अभिमन्यूने गर्भात चक्रव्यूह ऐकला ही कथा झाली. परंतु बाळ आईच्या स्वराशी गर्भातच परिचित होते, हे प्रयोगसिद्ध आहे. त्यासाठी महागडे वर्ग किंवा पोटावर ठेवावयाची यंत्रे नकोत. आईने नेहमीसारखे बोलावे, गुणगुणावे, तेवढे पुरे.

६. दोन तपासण्या, ज्यांत हयगय नको

पहिली तपासणी अठराव्या ते विसाव्या आठवड्यातील सोनोग्राफी. तीत बाळाचा मेंदू, कणा, हृदय, मूत्रपिंडे आणि हातपाय यांची रचना तपशीलवार पाहतात. लिंग जाणून घेण्यासाठी तिचा उपयोग करणे हा गुन्हा आहे. १९८८ मध्ये महाराष्ट्राने याविषयी देशातील पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये तो देशभरासाठी झाला. शिवाय मूल मुलगा होणार की मुलगी हे पित्याच्या बीजावरून ठरते. त्याबद्दल गर्भिणीस बोल लावणे हा अन्याय तर आहेच, अज्ञानही आहे.

दुसरी तपासणी साखरेची. वारेतील काही संप्रेरकांमुळे मधल्या महिन्यांत आईच्या शरीरावर इन्सुलिनचा अंमल पूर्वीइतका चालत नाही. हेतू हा, की साखर रक्तात अधिक काळ राहून बाळाला मिळावी. काही स्त्रियांच्या बाबतीत मात्र ती प्रमाणाबाहेर वाढते आणि गर्भारपणातील मधुमेह होतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक निघाल्यास तो मधुमेह समजतात. ही चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान करावयाची असते. पहिली निर्दोष निघाली म्हणून दुसरी टाळू नये, कारण दोष बहुधा याच काळात प्रकट होतो.

७. मनातील घडामोडी

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटले आहे, की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, स्त्री दोन हृदयांची होते, म्हणून तिच्या इच्छांचा अवमान करू नये. गर्भाचे हृदय सहाव्या आठवड्याच्या सुमारासच धडधडू लागते हे आज आपणांस ठाऊक आहे. परंतु गर्भिणीच्या इच्छेला मान द्यावा हा त्या वचनातील उपदेश आजही तितकाच योग्य आहे.

या काळात मन सामान्यतः स्थिरावते. गर्भपाताचे भय ओसरलेले असते, झोप बरी लागते, आणि हालचाल जाणवू लागली की आजवर केवळ कल्पनेत असलेले मूल खरे वाटू लागते. तरीही याच महिन्यांत मनात परस्परविरोधी भावनांची गर्दी होते. आरशातील देह परका वाटतो. नोकरीचे काय होईल, पैसा पुरेल का, बाळंतपण कसे होईल, आपण आई म्हणून उण्या तर पडणार नाही ना, अशा शंका येतात. स्वप्ने विचित्र पडतात. क्षुल्लक कारणाने डोळे भरून येतात आणि लागलीच हसू येते. एक-दोन दिवसांत निवळणारी ही चलबिचल आजार नव्हे, आणि तिच्यामुळे कोणतीही स्त्री वाईट आई ठरत नाही. पतिपत्नींच्या शरीरसंबंधाविषयीही संकोच असतो. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल आणि गर्भारपण निर्वेध असेल, तर त्यापासून बाळास अपाय होत नाही.

परंतु उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला, कशातच गोडी वाटेनाशी झाली, झोप आणि भूक उडाली, अपराधीपणा छळू लागला किंवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर ते नैराश्य होय, आणि रक्तक्षयाप्रमाणेच त्यावरही उपचार आहेत. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मानसिक आजाराची औषधे आधीपासून चालू असतील, तर ती स्वतःहून एकाएकी बंद करू नयेत.

सातव्या महिन्यातील डोहाळजेवणाचे मोल या दृष्टीने जाणावे. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आवडीचे पदार्थ, भोवती गाणाऱ्या बायका. जिला आयुष्यभर इतरांना वाढावयाचे असते तिला त्या दिवशी सारेजण वाढतात. हा सोहळा अवश्य करावा. त्यातील बर्फी-पेढ्याचा खेळ मात्र सोडून द्यावा, कारण थट्टेने विचारलेल्या त्या प्रश्नामागची मुलाची अपेक्षा गर्भिणीला कळल्यावाचून राहत नाही; आणि विधवा किंवा निपुत्रिक म्हणून कोणत्याही स्त्रीला ओटी भरण्यापासून वगळू नये.

८. कोणत्या लक्षणांना थांबू नये

जळजळ, चमक, पाठदुखी, पायांवर संध्याकाळी येणारी थोडी सूज, हे त्रास दिसले तर पुढच्या भेटीत सांगावेत. परंतु अंगावर रक्त जाणे, पाणी जाणे, ताप, पोटात थांबून थांबून नियमित येणाऱ्या कळा, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे काजवे, चेहऱ्यावर आणि हातांवर एकाएकी आलेली सूज, जाणवू लागलेली हालचाल मंदावणे किंवा थांबणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच घडीस रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा अधिक भरणे हे गंभीर विकाराचे पहिले चिन्ह असू शकते, आणि आरंभी त्याचा काहीच त्रास जाणवत नाही. म्हणून प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजून घेण्याचा आग्रह धरावा.

दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य संस्थांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भिणींची डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते. २०१६ पासून ही व्यवस्था चालू आहे. घरात कोणी गर्भिणी असेल, तर ती बरी दिसते एवढ्यावर समाधान न मानता येत्या ९ तारखेस तिच्यासोबत जा. रक्त, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, आणि परतताना तिला कसे वाटते हे विचारून ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.